शेजारचं वचन: हबक्कूक सावकाश वाचताना

आमच्या मजल्यावर समोरच्या घरात दर गुरुवारी संध्याकाळी सात-आठ माणसं जमतात. चपला दाराबाहेर, हातात बायबल आणि दोनशे पानी वह्या. जूनमध्ये त्यांनी हबक्कूक नावाचं पुस्तक हाती घेतलं. गणपती येऊन गेले, दसरा तोंडावर आला, तरी हबक्कूकच चालू. पुस्तक केवढं? तीन अध्याय, छप्पन वचनं. छापील बायबलात जेमतेम तीन-चार पानं. मोठ्याने वाचलं तर चहा निवायच्या आत संपेल.

शेवटी समोरच्या काकांना विचारलंच, "एवढ्याशा पानांत एवढं काय आहे हो?" त्यांनी आपली वही पुढे केली आणि म्हणाले, "वाचा की. एकच अट. एक वचन झाल्याशिवाय पुढच्यावर उडी मारायची नाही, आणि मागचं विसरायचं नाही."

हा लेख त्या वहीमुळे लिहिला गेला. यातल्या वचनांचा अर्थ माझ्या सोप्या मराठीत दिला आहे. कुठल्याही छापील भाषांतराची ती शब्दशः नक्कल नव्हे.

आधी दोन शब्द समजून घेऊ

पहिला शब्द 'संदेष्टा'. हिब्रूत नबी. अनेकांची समजूत अशी की संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा, ज्योतिषाचा भाऊबंद. तसं नाही. संदेष्टा देवाचा निरोप घेऊन येतो, आणि तो निरोप बहुतेकदा भविष्याबद्दल कमी आणि आजच्या अन्यायाबद्दल जास्त असतो. आमोस नावाचा संदेष्टा गरिबाला विकून खाणाऱ्यांवर तुटून पडतो, तेव्हा तो कुंडली मांडत नसतो.

काही संदेष्ट्यांच्या फक्त गोष्टी उरल्या, त्यांच्या नावाचं पुस्तक नाही. एलीया त्यांपैकी एक. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना हा एलियाहू हनबी इतका जवळचा, की त्याच्या नावाने मलिदा करतात. हबक्कूकचं उलटं आहे. त्याचं पुस्तक उरलं, माणूस मात्र सापडत नाही. बाप कोण, गाव कुठलं, पुस्तक काहीच सांगत नाही. दानीएलाच्या पुस्तकाला जोडलेल्या एका ग्रीक कथेत देवदूत त्याला केसांनी धरून उचलतो आणि सिंहांच्या गुहेतल्या दानीएलाकडे जेवणासकट पोचवतो. गोष्ट झकास आहे, पण छप्पन वचनांत तिचा मागमूस नाही.

दुसरा शब्द 'मनन'. पारायणात ग्रंथ पुरा करायचा असतो. निरूपणात कुणी जाणकार आपल्यासाठी अर्थ उलगडतो. मननात छोटा भाग घेऊन आपणच त्यापाशी थांबायचं, तो काय म्हणतोय ते आधी नीट समजून घ्यायचं, आणि मगच तो आपल्या जगण्याला कुठे टोचतो ते पाहायचं. क्रम महत्त्वाचा. समजणं आधी, टोचणं नंतर.

हे चाललंय कुठे आणि कधी?

यहूदा नावाचं एक छोटं राज्य, राजधानी यरुशलेम. एका बाजूला मिसर (इजिप्त), दुसऱ्या बाजूला अश्शूर (असीरिया), दोन सत्तांच्या रस्त्यात सापडलेलं. इ.स.पू. ६१२ मध्ये अश्शूरची राजधानी निनवे पडली. तिच्या जागी बाबेलचे (बॅबिलोनचे) खास्दी लोक वर आले आणि इ.स.पू. ६०५ मध्ये कर्कमीशच्या लढाईत त्यांनी मिसरच्या सैन्याला धूळ चारली. हबक्कूक कोणत्याही राजाचं नाव घेत नाही, पण खास्द्यांचं घेतो, म्हणून बहुतेक अभ्यासक त्याला याच सुमाराला बसवतात. पुढे इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेम शरण गेलं आणि साधारण दहा वर्षांनी मंदिरासकट उद्ध्वस्त झालं.

संदेष्टा सहसा देवाच्या वतीने माणसांशी बोलतो. हबक्कूक माणसांच्या वतीने देवाशी बोलतो, खरं म्हणजे भांडतो. "प्रभू, मी किती काळ हाका मारू आणि तू ऐकायचं नाहीस?" विठोबाला घरच्या माणसासारखं फैलावर घेणारे अभंग ज्यांच्या कानावर आहेत, त्यांना हा सूर परका वाटू नये.

तक्रार अशी की राज्यात हिंसा माजली आहे, न्याय वाकडा झालाय. देव म्हणतो, बघतोयस काय, मी खास्द्यांना उठवतोय. हबक्कूक हबकतो. आमच्यापेक्षा नीच माणसांकडून आम्हाला शिक्षा? हा कुठला न्याय? आणि मग तो टेहळणीच्या जागेवर जाऊन उभा राहतो, राखणदार माळ्यावर चढतो तसा, उत्तर काय येतंय ते पाहायला. दुसऱ्या अध्यायात उत्तर येतं, तिसरा अध्याय म्हणजे प्रार्थनागीत.

बसची पाटी अर्धी वाचू नका

आता मुद्द्याची गोष्ट. वचनामागून वचन जाण्याचा सगळ्यात मोठा फायदा खोल अर्थ सापडणं हा नाहीच, असं माझं मत. मोठा फायदा हा की नकोसं वचन गाळता येत नाही.

पहिल्या अध्यायाचं पाचवं वचन, म्हणजे १:५, घ्या. "राष्ट्रांकडे पाहा, थक्क व्हा. तुमच्या दिवसांत मी असं काम करतोय की कुणी सांगितलं तरी तुमचा विश्वास बसणार नाही." उगवत्या सूर्याच्या फोटोवर हे छापलं की किती छान दिसतं! नोकरी लागणार, लग्न जमणार, काहीतरी अद्भुत घडणार. लोक ते तसं एकमेकांना पाठवतातही.

आता १:६ वाचा. "कारण पाहा, मी खास्द्यांना उठवतोय, ते निर्दय आणि उतावळं राष्ट्र."

थक्क करणारं काम म्हणजे परचक्र. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागात, ख्रिस्ती प्रेषित पौल हेच वचन ज्यूंच्या एका सभास्थानात उद्धृत करतो, तेही इशारा म्हणून. एसटीच्या पाटीवर 'पुणे' दिसलं म्हणून तुम्ही चढलात, आणि पाटी होती 'पुणे–सोलापूर'. गाडी पुण्याहून निघालेली होती. सुटं वचन हे असंच भलत्या गावाला नेतं.

काकांच्या वहीत म्हणूनच प्रत्येक पानावर तीन रकाने आहेत. मधल्यात आजचं वचन, डावीकडे त्याआधीचं, उजवीकडे नंतरचं. त्यांच्या गटात याला 'शेजार' म्हणतात. "शेजार बघितला का?" हा तिथला नेहमीचा प्रश्न.

कोण बोलतंय, ते आधी ठरवा

हिब्रू मूळ मजकुरात अवतरणचिन्हं नाहीत. संवाद आहे, पण बोलणाऱ्याचं नाव बहुतेक ठिकाणी नाही. नावं पुसलेला व्हॉट्सॲपवरचा संवाद वाचावा तसं होतं. कोणती ओळ कुणाची, ते सूर आणि सर्वनामं पाहून ओळखायचं. १:२ ते ४ हबक्कूक, १:५ ते ११ देव, १:१२ पासून पुन्हा हबक्कूक. ही विभागणी चुकली तर संदेष्ट्याची वैतागलेली तक्रार देवाची आज्ञा म्हणून वहीत जाते.

दुसरं, शब्दांचा माग काढा. हिब्रूत हिंसेसाठी, जुलुमासाठी 'हामास' हा शब्द आहे. (बातम्यांतल्या संघटनेच्या नावाशी त्याचा संबंध नाही, ते अरबी नावाचं संक्षिप्त रूप आहे.) छप्पन वचनांत तो सहा वेळा येतो. १:२ आणि १:३ मध्ये हबक्कूक ओरडतो की आपल्याच समाजात हामास आहे. १:९ मध्ये खास्दी येतात तेही हामाससाठीच. २:८ मध्ये आणि दोनदा २:१७ मध्ये तोच जुलूम खास्द्यांच्या खाती मांडला जातो, लबानोनवर केलेल्या हिंसेसकट. लबानोन म्हणजे देवदारांचं अरण्य. झाडं आणि जनावरं यांच्यावरचा अत्याचारही हिशेबात धरलेला आहे, हे घाईत वाचणाऱ्याच्या लक्षात येणार नाही.

म्हणजे ज्या शब्दाने घरच्या लोकांवर बोट रोखलं, तोच शब्द फिरून शत्रूपर्यंत जातो. हे कुणा विद्वानाने सांगावं लागत नाही. पेन्सिलीने गोल करत गेलं की पुरे, फक्त भाषांतरकाराने दर वेळी वेगळा शब्द वापरलेला असू शकतो, तेवढं ध्यानात ठेवायचं.

पण हे म्हणजे आपलंच म्हणणं त्याच्या तोंडी घालणं नाही का?

आक्षेप रास्त आहे, आणि जुनाही आहे. वचनामागून वचन हबक्कूक वाचणारी सर्वांत जुनी वही आज उपलब्ध आहे, आणि तिने नेमकं तेच केलं.

१९४७ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरान इथल्या गुहेत ज्या पहिल्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांत हबक्कूकवरचं एक भाष्य होतं. आज ते यरुशलेमच्या इस्राएल संग्रहालयात आहे. लिहिणारे एका कडव्या ज्यू पंथाचे, काळ येशूच्या जन्माआधीच्या शतकातला. पद्धत अगदी काकांसारखी. आधी एक-दोन ओळी उतरवायच्या, मग 'पिश्रो', म्हणजे 'याचा अर्थ असा' म्हणून पुढे लिहायचं. देवाचं नाव आलं की ते अधिक जुन्या लिपीत, वेगळं उठून दिसेल असं.

पण अर्थ काय सांगतात? खास्दी म्हणजे म्हणे 'कित्ती'. या नावाने रोमनांनाच सुचवलं आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. १:१६ मध्ये खास्दी आपल्या जाळ्यालाच बळी वाहतो, असं हबक्कूक म्हणतो. भाष्यकार सांगतो, कित्ती आपल्या सैन्याच्या ध्वजचिन्हांना बळी वाहतात. आणि नीतिमान कोण वाचणार? जे नियमशास्त्र पाळतात आणि आमच्या 'नीतीच्या गुरू'वर निष्ठा ठेवतात ते. भाष्यात असंही लिहिलंय की देवाने हबक्कूकला लिहायला सांगितलं खरं, पण शेवट केव्हा येईल ते त्यालाही कळवलं नाही, ते गुपित आमच्या गुरूला कळलं.

याला अर्थ काढणं म्हणत नाहीत. हे अर्थ घालणं झालं. तरीही मला ती माणसं मूर्ख वाटत नाहीत. स्वतःच्या डोक्यावर बसलेल्या साम्राज्याला ओळखण्यासाठी त्यांनी जुन्या साम्राज्याचं चित्र वापरलं. चूक झाली ती 'हे त्यासारखं आहे' म्हणण्याऐवजी 'हे तेच आहे' म्हटल्यामुळे. आजही कुणी नकाशा पुढे घेऊन खास्दी म्हणजे अमुक देश असं ठामपणे सांगू लागला, की समजावं, कुमरानची गुंडाळी पुन्हा उघडली.

मग फरक कसा ओळखायचा? हबक्कूकच्या काळच्या माणसाला आपण लावलेला अर्थ निदान ऐकून तरी समजला असता का, हे विचारून पाहावं. शेजारची वचनं त्याला आडवी येतात का, हे पाहावं. आणि माझी खास चाचणी अशी की अर्थ दर वेळी माझ्याच बाजूने लागतोय का? लागत असेल तर काहीतरी गडबड आहे.

हिब्रू येत नसेल तर?

काही गोष्टी सुटतील. पण दोन-तीन भाषांतरं शेजारी ठेवली, तर कुठे काहीतरी दडलंय ते कळतं. जिथे भाषांतरं एकमेकांपासून फारकत घेतात, तिथे थांबायचं. मराठीत याची सोय जुनी आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. शेवटची मुद्रितं होईतो १९२२ साल उजाडलं, आणि त्याच वर्षी त्या गेल्या.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण २:४ चं. हिब्रूत तीन शब्द: 'नीतिमान', 'त्याच्या एमुनाने', 'जगेल'. एमुना म्हणजे काय? मराठीत सहसा 'विश्वास' येतं. पण निर्गमाच्या पुस्तकात, लढाई चालू असताना इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याचे उंचावलेले हात अहरोन आणि हूर दोन बाजूंनी धरून ठेवतात, तेव्हा सूर्य मावळेपर्यंत ते हात 'एमुना' राहिले, असं म्हटलंय. हातांचा काय विश्वास? ते हलले नाहीत, ढळले नाहीत, एवढंच. म्हणजे एमुना ही मनातली मान्यता कमी, टिकून राहणं जास्त.

या तीन शब्दांनी किती इतिहास घडवला! जुन्या ग्रीक भाषांतरात 'त्याच्या'ऐवजी 'माझ्या' आलं, म्हणजे देवाच्या निष्ठेने. पौलाने रोमकरांस आणि गलतीकरांस पत्रं लिहिताना सर्वनामच गाळलं. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरची जी धर्मसुधारणा झाली, तिच्या मुळाशी पौलाने घेतलेलं हेच वचन होतं. ज्यू परंपरेत तालमूद हा धर्मचर्चेचा ग्रंथ सांगतो, मोशेला ६१३ आज्ञा मिळाल्या, दाविदाने त्या ११ वर आणल्या, मीखाने ३ वर, आणि हबक्कूकने एकावर: नीतिमान आपल्या एमुनाने जगेल. ख्रिस्ती वाचकाने ज्यू वाचन डोळ्यांआड करू नये. पुस्तक मुळात त्यांचं आहे.

आणि इथेही शेजार आहेच. २:३ म्हणतं, दर्शनाला उशीर झाला तरी वाट पाहा. वाट पाहण्याच्या पाठोपाठ एमुना येते. 'टिकून राहणं' हा अर्थ माझ्या मते तिथे बसतो.

तुकडे केल्याने कविता मोडत नाही का?

थोडी मोडते. हबक्कूकने आकडे घातले नव्हते. आजचे अध्याय तेराव्या शतकातले, स्टीफन लँग्टन या इंग्लिश धर्मगुरूच्या नावावर ते सांगितले जातात. वचनांच्या शेवटच्या खुणा हिब्रू हस्तलिखितांत त्याआधीपासून आहेत, पण त्याही नंतरच्या प्रतकारांच्या. म्हणून आठवड्यातून एकदा सगळं पुस्तक सलग वाचावं, मोठ्याने. गायक एक तान घोटतो, पण मैफलीत राग सलगच गातो.

आणि मूर्तींवरची टीका?

मराठी हिंदू वाचक २:१८-१९ पाशी अडखळणारच. लाकडाला 'जागा हो' आणि मुक्या दगडाला 'ऊठ' म्हणणाऱ्याचा तिथे धिक्कार आहे. ही मूर्तिपूजेवरची टीका नव्हेच, अशी मखलाशी मी करणार नाही. हिब्रू धर्मपरंपरेला मूर्ती मान्य नाही, हे उघड आहे.

तरी शेजार पाहाच. हा पाचवा धिक्कार. आधीचे चार लुटीचा माल साठवणाऱ्यावर, दुसऱ्याला बुडवून उंचावर घरटं बांधणाऱ्यावर, रक्तावर शहर उभारणाऱ्यावर आणि शेजाऱ्याला पाजून त्याची अब्रू घेणाऱ्यावर आहेत. दुसऱ्या धिक्कारात तर भिंतीतला दगड ओरडतो आणि वरची तुळई त्याला साथ देते. घर स्वतःच मालकाविरुद्ध साक्ष देतं! हे गाणं २:६ प्रमाणे जिंकले गेलेले लोक आपल्या जेत्याला उद्देशून म्हणतात. निशाण्यावर बाबेलची सत्ता आणि तिला आधार देणारे देव आहेत. त्यात १:१६ चं जाळं आठवा. ज्या साधनाने पकडतो त्यालाच धूप दाखवणारा माणूस. त्या वचनापाशी काकांच्या वहीत दोनच शब्द आहेत, 'माझं दुकान', आणि पुढे प्रश्नचिन्ह. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे.

शेवटी देवाने उत्तर दिलं का?

'असं का?' या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. लिहून ठेव, वाट पाहा, जुलमी टिकणार नाही, एवढंच मिळतं. ज्यांना हे अपुरं वाटतं, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

मग येतं ३:१७. अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, जैतून फसला, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. दर तुकड्यागणिक एकेक आधार सुटत जातो. फळं गेली, धान्य गेलं, शेवटी जनावरंही गेली, म्हणजे भांडवल बुडालं. ज्या घरात एकाच वर्षी खरीप, रब्बी आणि बैलजोडी गेली, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आणि ३:१८ म्हणतं, "तरी मी प्रभूमध्ये आनंद करीन."

हे वचन दुःखितांच्या तोंडावर फेकलं जातं. बघा, हबक्कूक कसा आनंदी होता, आणि तुम्ही रडताय! अशा वेळी ३:१६ वाचून दाखवावं. "ऐकून माझं पोट थरथरलं, ओठ कापले, हाडांत कीड शिरली, पाय लटपटले." हा आनंद थरथरत्या माणसाचा आहे. शेजार नसता तर कळलंच नसतं.

छप्पन्नाव्या वचनात तो म्हणतो, देव माझे पाय हरिणीसारखे करतो, मला उंचावर चालवतो. बहुतेक लोक तिथे पुस्तक मिटतात. पण वचन अजून थोडं उरलंय: "मुख्य गायकासाठी, माझ्या तंतुवाद्यांवर." ही वाजवणाऱ्यांना दिलेली सूचना आहे. ज्याने एकट्याने माळ्यावर उभं राहून देवाशी भांडण मांडलं, त्याचं हे गाणं चारचौघांनी मिळून म्हणायचं आहे. इस्राएलबाहेरच्या सिनेगॉगांत शावुओत सणाच्या दुसऱ्या दिवशी हा अध्याय आजही वाचला जातो.

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी समोरून पेटीचा आवाज आला. नंतर काका दारात भेटले तेव्हा म्हटलं, "पेटी काही तंतुवाद्य नाही हो."

"माहीत आहे," ते म्हणाले. "सतार कुणाला येते इथे?"